गाडीतल्या सासूबाई

३ मार्च
भांडी विसळली, ओटा पुसला, चादरी वाळत घातल्या, यांचा चष्मा पुसून होता तिथे ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली. सकाळी एवढंच केलं होतं. लायब्ररी दीड किलोमीटरवर. तेवढ्यात गाडी अकरा वेळा ओरडली! मोजलं मी. वेग कमी करा. रस्त्याकडे पाहा. शेजारच्या सीटवर पुस्तकांची पिशवी ठेवली, तर तिलाही पट्टा लावा म्हणे. लावला. पिशवी शहाण्यासारखी बसली.

सासूबाईंना जाऊन अठरा वर्षं झाली. मला वाटलं होतं, सुटले.

६ मार्च
यांनी एवढ्या हौसेनं ही विजेवरची गाडी घेतली आणि दीड महिन्यात गेले. बोलणी खायला मी उरले.

आज दवाखान्याच्या वळणावर डोळे भरून आले. रोजच येतात, मी अडवत नाही. पण जरा डोळे मिटले, तर लगेच समोरच्या पडद्यावर चहाच्या कपाचं चित्र — तुम्हाला झोप येत आहे, विश्रांती घ्या! घरी पोचते तोच मुलाचा फोन.

"आई, गाडीत पेंगत होतीस?"

"कांदा चिरत होते."

"गाडीत?"

"मग! वेळ वाचतो."

हसला नाही. गाडीची प्रत्येक तक्रार त्याच्या मोबाईलवर जाते म्हणे. म्हणजे सासूबाई चुगल्याही करतात!

७ मार्च
गाडी दर आठवड्याला शंभरपैकी गुण देते. मला एकेचाळीस. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर आजच कुणी गुण दिले. मुलगा म्हणतो, महिनाअखेर साठ झाले नाहीत तर गाडी विकू. "तुझ्या भल्यासाठीच गं."

गाडी गेली की लायब्ररी, बाजार, मैत्रिणीचं घर — सगळं दुसऱ्याच्या सवडीनं. मला ते जमायचं नाही.

९ मार्च
गाडीचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. चारशे बारा पानं. लिहिणाऱ्याला गोष्ट रंगवता येत नाही, पण पान तीनशे सहावर चोर सापडतो. मोबाईलवर माहिती पाठवणं बंद कसं करायचं, ते तिथे दिलंय. खूण घालून ठेवली.

१४ मार्च
मुलगा-सून सुट्टीचे आले होते. "गुडघा धरलाय रे, आज तूच चालव," म्हटलं. गुडघा ठणठणीत आहे.

पहिल्याच वळणावर गाडी — रस्त्याकडे पाहा! मग — वेग कमी करा! मग गाडीनं स्टिअरिंग आपणहून ओढलं, तर हा तिच्याशी झोंबाझोंबी करायला लागला. मागून सून म्हणाली, "नऊ वर्षं मी हेच सांगतेय. आता दोघी झालो."

त्या एका फेरीचे त्याचे गुण तेहेतीस! मी खिडकीकडे तोंड करून पोटभर हसले. शेजारी बसून हसण्याला गुण कापत नाहीत.

उतरताना मात्र लाल चेहऱ्यानं म्हणाला, "माझं सोड. तुझी अट तीच."

१५ मार्च
पान तीनशे सहा. तीन बटणं. चुगल्या बंद.

१७ मार्च
गच्चीत कपडे वाळत घालत होते. फोन खाली. नऊच्या सुमाराला मुलगा धापा टाकत वर आला — पायात घरातल्या चपला, शर्टाची बटणं वरखाली.

"फोन का उचलत नाहीस? गाडी दोन दिवस हलली नाही!"

"हलली की. दोन्ही दिवस लायब्ररीत नेली. फक्त तुला कळवणं बंद केलंय."

भांडण होणार म्हणून मी पदर खोचून तयार. तो तिथेच पायरीवर बसला.

"ऑफिसला निघायच्या आधी रोज तेच बघतो मी. गाडी हलली की कळतं, आई उठली." मग म्हणाला, "बाबा खुर्चीत बसल्याबसल्या सकाळीच गेले होते. आपल्याला दुपारी कळलं."

त्या सकाळी मी लायब्ररीत होते. आम्ही दोघं हे कधी बोललो नाही.

"आणि गुणांचं काय?" मी विचारलं.

"गुण घालव चुलीत. गाडी विकली की तू आमच्याकडे राहायला येशील, असं वाटलं."

त्याच्या शर्टाची बटणं नीट लावून दिली. चहा प्यायला. गेला.

१८ मार्च
गाडीचं सगळं परत चालू केलं. तो ऑफिसला निघायच्या आत गाडी बाहेर काढली. कुठे जायचं नव्हतं. चौकापर्यंत नेली आणि परत आणून लावली.