बेकरीवालीची मुलाखत

९ ऑगस्ट

पुन्हा तोच विषय, तीच खोली, त्याच बाई. गेल्या वर्षी मुलाखतकौशल्यात नापास झाले — अख्ख्या वर्गात मी एकटी! शेरा अजून पाठ आहे: 'विद्यार्थिनी क्लायंटपेक्षा जास्त बोलते.' यंदाही विषय गेला तर विद्यापीठ नाव काढून टाकणार आणि बाबा मला सलूनमध्ये बायकांसाठी वेगळी खुर्ची मांडून देणार. खुर्ची त्यांनी बघूनही ठेवली आहे. "तुझ्या तोंडाला हाच धंदा बरा," म्हणतात. न्हाव्याच्या घरात जन्मलेलीला गप्प बसायला शिकवायचं कुणी? आमच्याकडे केस कापता कापता सल्ला फुकट मिळतो.

पण मला समाजकार्यच करायचं आहे. भाऊ इस्पितळात होता तेव्हा तिथली समाजसेविका आईशेजारी बाकावर येऊन बसली होती. धीर द्यायला आली आणि एक शब्द बोलली नाही. आई अजून तिचं नाव काढते. मला ते यायला हवं. येणार. ठरलं म्हणजे ठरलं.

१३ ऑगस्ट

जोड्या लागल्या. सत्रभर एकीने क्लायंट, म्हणजे अडचण घेऊन आलेली बाई, व्हायचं, दुसरीने तिची मुलाखत घ्यायची. शेवटची भेट बाहेरच्या परीक्षकासमोर. क्लायंटने आपलं पात्र मनाने रचायचं. बाईंनी बजावलं — "स्वतःचं दुःख इथे आणायचं नाही. हा सराव आहे. कबुलीजबाबासाठी कॉलेजचं चॅपल आहे."

माझ्या वाट्याला सिस्टर आली! मठाने तिला शिकायला पाठवलंय. अजून पक्की नन नाही, शेवटचं व्रत पुढच्या वर्षी. तिच्याइतकं नियमाने चालणारं माणूस मी पाहिलेलं नाही. 'गवतावरून चालू नये' ही पाटी वाचून खरोखर वळसा घालणारी आवारात ती एकटीच. प्राध्यापकसुद्धा मधूनच जातात. माझा जीव भांड्यात पडला. अशी जोडीदार म्हणजे अर्धी परीक्षा पास.

२० ऑगस्ट

पहिली मुलाखत. सिस्टरने रचलेलं पात्र असं: बेकरीवाल्या मावशीकडे वाढलेली मुलगी. मावशीने तिला लहानाची मोठी केली, शिकवलं, आता बेकरी तिच्या नावावर करायची आहे. सगळी गल्ली खूश. मुलीचा मात्र त्या दुकानात जीव घुसमटतो.

"मग सांगून टाका ना मावशीला!" — मी, खुर्चीत नीट टेकण्याआधीच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मागे कुणीतरी खुसखुसलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं तर म्हणाली, "बरोबरच बोललीस की. मावशीला सांगायलाच हवं." आमचं घराणंच असं आहे.

२१ ऑगस्ट

उपाय सापडला. जीभ टाळ्याला लावून ठेवायची, म्हणजे शब्द सुटत नाही. आरशासमोर करून पाहिलं. वेडी दिसते, पण जमतं.

३ सप्टेंबर

जमलं! थोडंसं.

मी विचारलं, "दुकानात सगळ्यात जड काय जातं?" आणि जीभ वर. सिस्टर बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पहाट. सगळे उठायच्या आधी भट्टी पेटवायची असते. पूर्वी त्या वेळेला मन भरून यायचं. आता नुसती भट्टी असते."

काय रचते ही बाई! बाहेर आल्यावर मी म्हटलंसुद्धा, "सिस्टर, तू नाटकात जायला हवं होतंस." ती कसनुशी हसली. प्रार्थनेला उशीर होईल म्हणून निघाली — उशीर होत असूनही गवताला वळसा घालून.

१० सप्टेंबर

चॅपलमध्ये सिस्टरशेजारी बसले. सगळे गात होते, ती नुसतीच पुस्तक धरून उभी. एरवी तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. घसा बसला असणार. मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्या. चॅपलमध्ये सल्ला द्यायला बंदी नाही.

२४ सप्टेंबर

बाई म्हणाल्या, "आज क्लायंट बोलली." एवढंच. मी घरापर्यंत तरंगत आले.

१ ऑक्टोबर

सिस्टरने हे काय काढलं! म्हणते, पात्र बदलू या, ही बेकरीवाली आता नको. परीक्षा तोंडावर आणि नवं पात्र? मी हात जोडले. म्हटलं, "माझं अख्खं वर्ष तुझ्या या मुलीवर आहे. एवढी शेवटची भेट होऊ दे, मग तिचं काय वाटेल ते कर." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली.

गुणाची पोर. माझं नशीब थोर.

१५ ऑक्टोबर

झाली परीक्षा. 

परीक्षक निवृत्त गृहस्थ, जाड भुवयांचे. सिस्टर समोर बसली, हात मांडीवर घट्ट. म्हणाली, "मावशीने माझ्या नावाची पाटी रंगवायला दिली आहे."

"ती पाटी लागली तर काय होईल?" मी विचारलं.

"मग रोज सकाळी मी खोटं बोलत शटर उघडेन. गिऱ्हाइकांशी नाही. मावशीशी." तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?"

एक नाही, चार उत्तरं तोंडाशी तयार होती! आमच्या सात पिढ्यांचे न्हावी एकदम बोलायला उठले. मी जीभ टाळ्याला अशी दाबली की दुखायला लागली. सिस्टरचे डोळे भरून आले. परीक्षकांची खुर्ची करकरली. तरी मी गप्प. कधी एकदा ती बोलते असं झालं होतं.

शेवटी म्हणाली, "मावशी रडेल. पण सांगायला मलाच हवं. याच आठवड्यात सांगते."

परीक्षक म्हणाले, "हे शिकवून येत नाही." बाईंनी चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. मी सिस्टरला मिठी मारायला वळले तर ती तोंड धुवायला गेलेली. परत आलीच नाही.

१८ ऑक्टोबर

वर्गात पहिली!! बाबांनी खुर्चीवाल्याला नाही म्हणून कळवलं आणि दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटले — "पोरगी गप्प बसण्यात पहिली आली." लोकांना वाटतं थट्टा करतायत. सिस्टरला आनंद सांगायचा होता, पण ती तीन दिवस वर्गातही नाही आणि चॅपललाही नाही.

२१ ऑक्टोबर

बसथांब्यावर सिस्टर. आधी ओळखलंच नाही. डोक्यावर पांढरं कापड नाही, आखूड केस, कुणाचा तरी ढगळ तपकिरी स्वेटर, पायाशी बॅग.

"मठातल्या मोठ्या मदरना सांगितलं," ती म्हणाली. "खूप रडल्या. मग स्वतःच माझी बॅग भरून दिली."

"आणि बेकरी?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"बेकरी नव्हतीच कुठे."

"तू पात्र बदलू म्हणालीस, आणि मी—"

"हो." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "बरं झालं की वाईट, ते मला अजून कळायचंय. आता तर परीक्षा नाही ना? मग सांग. माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.