तुझ्या मजल्याच्या सळाखी

प्रिय सुध्या,

पत्र लिहायची आपल्यात रीत नाही. तू वाडीत, मी सक्करदऱ्यात, शहराची दोन टोकं. काही असलं की फोन. पण आज तुझ्या मजल्याच्या स्लॅबखालचं सेंटरिंग, टेकू-फळ्या सगळं काढलं, आणि मिस्त्रीने एक प्रश्न विचारला. तुला न विचारता मी उत्तर देऊन बसलो. म्हणून लिहितोय.

आधी काम सांगतो. स्लॅब सरळ आहे. खालून दोरी लावून पाहिली, कुठे पोट नाही. कॉलेजात न जाता दादानं नकाशा काढला, हे तू तुझ्या कामावर साऱ्या गोडाऊनला सांगत फिरायचास. आणि इथे आलास की, "दादा, भिंत बांधून राहिला का सोनं तोलून राहिला?" आता चौकटीला ओळंबा लावतो तेव्हा मागून कोणी हसत नाही.

छातीत जळजळ होते, हे मला का नाही सांगितलं रे? शुभांगी दवाखान्यात चला म्हणत होती, तू म्हणालास, स्लॅब पडू दे, मग दाखवतो. स्लॅब काय दवाखान्याच्या दारात आडवा पडला होता? तू गेलास, आणि तुझ्याशिवाय पडला तो. रीत म्हणून मजुरांना जेवण दिलं. मी नुसता वाढत राहिलो.

वाडीची खोली रिकामी करायला मी टेम्पो घेऊन गेलो होतो. शुभांगीला म्हटलं, तुझ्या चिमीला घेऊन सरळ घरी चल, वरचं होईपर्यंत खाली राहा. ती गॅसची नळी काढत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, तो मजला त्यांनी मले इतक्यांदा दाखवला, आता माह्यानं तिथं पाय ठेववणार नाही." टेम्पो घराकडे वळलाच नाही. तिथूनच अमरावतीला, तिच्या माहेरी गेला.

बाबांनी गच्चीवर सळाखी उभ्या सोडल्या होत्या, आठवतं? लोक म्हणायचे, कापून टाका, वाईट दिसतात. बाबा म्हणायचे, "दोन पोरं आहेत मले." आईने त्यांनाच दोरी बांधून कपडे वाळवले. गंजू नयेत म्हणून तू त्यांवर बाटल्या उलट्या घातल्यास. त्याच सळाखींना जोड देऊन तुझा मजला चढला.

आज मिस्त्री तुझ्या स्लॅबवर उभा राहून, पुढच्या मजल्यासाठी त्यातून वर निघालेली टोकं दाखवत म्हणाला, "भाऊ, या सळाखी ठेवाच्या का कापाच्या?"

मी आणि तुझी वहिनी. आम्हाला मूलबाळ नाही. तू नाहीस. चिमी अमरावतीत मोठी होईल. कोणासाठी ठेवायच्या, तूच सांग? मी म्हटलं, काप. कटरचा आवाज ऐकून वहिनी वर आली, बघितलं, आणि खाली गेली. आता गच्ची सपाट आहे, अगदी लेव्हलमध्ये. बघवत नाही.

परवा एक दलालही येऊन गेला. भाडं चांगलं येईल म्हणाला, फक्त स्वयंपाकघराच्या भिंतीवर जी रेघ आहे तिच्यावर ओटा बांधू नका, ठेंगणा होईल. त्याला काय माहीत? शुभांगीला भिंतीशी उभं करून, तिच्या कोपराखाली, विटेच्या तुकड्याने ती रेघ तू ओढली होतीस.

ती येणार नाही, हे मला कळतं सुध्या. तरी शब्द देतो. तुझ्या मजल्यावर भाडेकरू येणार नाही. आणि ओटा त्याच रेघेवर बांधीन. एक सूत वर नाही, एक सूत खाली नाही.

तुझा,
दादा