बुटीबोरीच्या टपरीपर्यंत

११ जानेवारी

जेवताना अदितीने जाहीर केलं — "पुढच्या रविवारी मी एकटी गाडी चालवत हैदराबादला जाणार, नव्या नोकरीवर. आणि बाबा, मागे तुमचा कॉन्व्हॉय नको. मी काही मंत्री नाही." हे पोळीचा घास हातात धरून बसले. मला तिचा रागच आला.

पण पोरगी अगदीच चूक नाही. घरातून कोणीही स्वतःच्या गाडीने निघालं की हे स्कूटर काढतात, मला मागे बसवतात आणि मनीषनगरातल्या घरापासून थेट शहराबाहेर, हायवेवरच्या बुटीबोरीच्या चहाटपरीपर्यंत गाडीच्या मागे! तिथे सगळ्यांनी चहा प्यायचा, मग आम्ही दोघांनी परत फिरायचं. कित्येक वर्षांचा शिरस्ता. मागच्या वर्षी ती ऑफिसातल्या मुलींबरोबर चंद्रपूरला निघाली, तर हे हेल्मेट घालून मागे हजर. मुली हसल्या. तेव्हापासून तिला ते सलतंय.

१३ जानेवारी

मी तीळ भाजत होते, हे स्वयंपाकघरात आले. "नीला, कॉन्व्हॉय म्हणजे नेमकं काय गं?"

मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा, मी म्हटलं. पण चैन पडेना. शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि शब्दाचं मूळ सांगता येऊ नये! कपाटावरचा जाडा शब्दकोश काढला. फ्रेंचमधून आलेला, त्याच्या मागे लॅटिन. 'सोबत' आणि 'वाट', एवढे दोनच तुकडे. मुळातला अर्थ — कुणाला वाटेत सोबत करणं. जहाजं, लष्कराच्या गाड्या मागाहून आल्या. स्कॉटलंडात तर निघालेल्या पाहुण्याला थोड्या वाटेपर्यंत पोचवायला जाणं, त्यालाही हाच शब्द.

वाचून दाखवलं. हे एवढे खूश झाले! मग जरा वेळाने म्हणाले, "उमरेडला पहिल्या नोकरीवर निघालो ना, तेव्हा एसटी स्टँडवर कोणी आलं नव्हतं. शहर संपेपर्यंत, पार दिघोरीपर्यंत मागे वळून पाहून राहिलो होतो मी."

एकतीस वर्षांच्या संसारात हे मला आज कळलं. तीळ थोडे करपले.

१५ जानेवारी

अदितीला शब्दाचा अर्थ सांगितला. "हो आई, छान आहे." मोबाइलमधून मान वर नाही. उमरेडचं सांगणार होते, राहून गेलं.

१८ जानेवारी

हे स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आले. "असंच, सहज." यांचं सहज मला चांगलं ठाऊक आहे. पोरगी पहिल्यांदाच इतकी लांब चाललीय. चिडून निघाली तर महिनाभर बापाशी धड बोलणार नाही, आणि यांना ते सोसायचं नाही. स्कूटरची किल्ली उचलली आणि साखरेच्या मोठ्या डब्यात तळाशी घातली. वाईट वाटतंय. पण घातली.

१९ जानेवारी, सकाळी सात

गेली. हातावर दही दिलं. हे फाटकापाशीच उभे राहिले, गाडी वळेपर्यंत. किल्ली शोधलीसुद्धा नाही. मला तेच जास्त लागलं.

आठ वाजता

अदितीचा फोन. "आई, मी टपरीवर उभी आहे. तीन चहा सांगितले, थंड होऊन राहिले. बाबा काहून नाही आले अजून?"

हे हेल्मेट घालून एकेक खण उपसतायत. मी साखरेचा डबा काढते.