चौथ्या दांडीवरचा टॉवेल

८ जुलै, मंगळवार

आजही ओला! कामावरून आलो, बूट काढायच्या आधी चौथ्या दांडीवरच्या मोठ्या टॉवेलाला हात लावला. गार, जड, कडेला कुबट वास. बाकीच्या तीन दांड्यांवरचं सगळं खडखडीत वाळलेलं. माझी कामावरची जीन्ससुद्धा. जीन्स वाळते आणि टॉवेल वाळत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

वर्षाराणीला विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "पावसुळा हाय. वाळंल की उद्या."

बायको मला पावसाळा शिकवते.

अख्ख्या गडमुडशिंगीत या दिवसांत खुर्चीच्या पाठीवर, खिडकीच्या गजांना, देवघराच्या दारावर ओले कपडे लोंबत असतात. आमच्यात नाही. पुढच्या सोप्याच्या छताला चार दांड्या, प्रत्येकीला दोन कप्प्या आणि एक दोरी. दोरी सोडली की दांडी छातीपर्यंत खाली येते, ओढली की छताला. मधे पंखा. वरच्या बाजूला भिंतीत झरोका पाडलाय, दमट हवा तिथून बाहेर. कप्प्यांत फौंड्रीच्या भंगारातली बेअरिंग घासून बसवली, तीही मीच. आयटीआयचं तोंड बघितलं नाही मी, पण शिरोलीत मेंटेनन्सला माझ्याशिवाय पान हलत नाही. गावातली माणसं आमच्या दांड्या बघायला येतात. मागच्या परड्यातली कपड्यांची जुनी तार मी स्वतः कापून टाकली. न्हाणीच्या मागं, पत्र्याखाली, तिथं कसला वारा लागणार?

नियमही सांगून ठेवलेत. कपडा उलटा करून घालायचा. खिसे बाहेर काढायचे. दोन कपड्यांत चार बोटं जागा. कपड्यावर कपडा नाही म्हणजे नाही. एवढं पाळलं की बास. पण आमच्या घरात पाळतंय कोण?

१० जुलै, गुरुवार

कप्प्यांना तेल दिलं. पंख्याची पाती पुसली. चौथी दांडी भिंतीपासून वीतभर पुढं घेतली. नवीन भोकं पाडताना गिलावा डोळ्यात गेला. कुणी पाणी आणून दिलं नाही. बायको आणि पोरगी, दोघी मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या.

११ जुलै

ओलाच.

१३ जुलै, रविवार

राजवर्धन आला. वर्षाराणीचा भाऊ, कोल्हापुरात मोबाईलचं दुकान आहे. उंबऱ्यातूनच छताकडं बघून म्हणाला, "दाजी, सर्कस कवापास्नं सुरू केलासा?"

त्यानं कपडे वाळवायचं मशीन घेतलंय. फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला. ओले कपडे आत टाकायचे, बटण दाबायचं, बाहेर येताना गरम. "पापडावानी निघत्यात, दाजी."

"मग तोंडी लावायला घे," म्हटलं.

हसला. मग हात वर करून चौथ्या दांडीवरच्या टॉवेलाचं टोक चिमटीत धरलं. "ह्येला काय शिमग्यापतूर टाईम दिलाय व्हय?" वर्षाराणी चहाचा कप घेऊन जवळजवळ पळतच आली. त्याला पलीकडच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. माझी बाजू घेऊन दोन शब्द बोलायचे सोडून भावाच्या पुढं पुढं!

लाज एवढीच वाटली की टॉवेल खरंच ओला होता.

१५ जुलै, मंगळवार

अकॅडमीच्या सरांचा फोन. आमच्या प्रियदर्शनीचं पोलीस भरतीचं ग्राउंड, पळायची परीक्षा, पुढच्या महिन्यात आहे. म्हणाले, "पोरीचा टाईम पडतोय. पाय आखडून पळतीया. दुखतंय का इचारलं तर न्हाय म्हणती. घरात काय हाय का?"

घरात काय असणार? दूध, अंडी, बूट, पोरीनं मागायच्या आधी आणून ठेवतो. पावसात पहाटे गाडीवरून मैदानावर सोडतो आणि तसाच पाळीला जातो. मागच्या खेपेला ती थोडक्यात हुकली. तेव्हाच आईनं माझ्याकडून शब्द घेतला, "ह्या बारीला न्हाय झालं, तर पोरीचं लगीन लावायचं. मग तुझं काय ऐकणार न्हाय मी." गगनबावड्याकडचं एक स्थळ तिनं मनात धरून ठेवलंय. मला हे सगळं माहीत आहे, प्रियाला माहीत आहे. आणि ही पोरगी पाय आखडून पळते!

संध्याकाळी समोर उभी केली. "काही नाही पप्पा," एवढंच. मोबाईल काढून घेतला. जेवायला आली नाही. नको येऊ म्हटलं.

१६ जुलै

आज गाडीवर तिरकी बसली, एका अंगावर. कमानीजवळ खड्डा लागला तेव्हा मागून कण्हल्यासारखा आवाज आला. विचारलं नाही. रागात होतो.

१८ जुलै, शुक्रवार

दुसरी पाळी होती, सकाळी घरी होतो. आई देवळात गेलेली, बाकीच्या दोघी परड्यात. म्हटलं आज या टॉवेलाचा निकालच लावू. चौथी दांडी खाली घेतली.

टॉवेल उचलला. खाली परकर. परकराखाली जुनी ओढणी. ओढणीखाली घरातल्या बायकांचे आतले कपडे, चिमट्यांत दाबून, एकावर एक. नुकते पिळल्यासारखे ओले. तोच कुबट वास.

घाईनं सगळं होतं तसं झाकलं आणि दोरी ओढली. कुणी बघितलं नाही. मग आपण झाकलं कशासाठी, याचाच राग आला.

वर्षाराणी आत आल्यावर विचारलं, "टॉवेल कशावर घालतेस?"

"कशावर म्हंजे?"

"ते तुला माहीत आहे."

तिनं हातातलं घमेलं खाली ठेवलं. "मग काय उघडं घालू? सोप्यात? तुमी उठसूट माणसं आणतासा, दोरी वर-खाली करून दावतासा. त्येंच्या डोस्क्यावर काय लोंबत ऱ्हाऊ दे?"

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? आमची आतली कापडं वाळंनात म्हणून? कुठली बाई सांगती दाल्ल्याला? परड्यात तार हुती तवा आडोसा तरी हुता. जरा वारं लागत हुतं. ती तुमी कापलासा."

मी म्हणालो, नियम साधा आहे, कपड्यावर कपडा घालायचा नाही.

"नियम तुमच्या शर्टाला," ती म्हणाली. आणि मग सांगितलं. पोरीच्या जांघेत गजकर्ण उठलंय. पळून पळून सोलून निघालंय. पंधरा दिवस रोज पहाटे ओलंच अंगात घालून पळायला जाते. दुखतं म्हणून सरांना सांगणार कसं, आणि मला तर त्याहून नाही.

"आन् तुमी तिचा फोन काढून घेतलासा," एवढं बोलून घमेलं उचलून गेली.

फोन परत दिला. पाळीला उशीर झाला. सुपरवायझर काहीतरी बोलला, त्याला असा बोललो की तो पाळी संपेपर्यंत माझ्या बाजूला फिरकला नाही. त्याची काही चूक नव्हती.

१९ जुलै, शनिवार

कोल्हापुरात डॉक्टरबाईंकडं नेलं. मी बाहेर बसलो होतो, बाईंनी मला आत बोलावलं. कपडे कुठं वाळवता विचारलं. मी दांड्या, कप्प्या, पंखा, झरोका, सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "छान आहे. यात हिचे कपडे कुठं असतात?"

"टॉवेलाखाली," म्हणालो.

गोळ्या दिल्या, ट्यूब दिली. पण त्याच्या आधी, म्हणाल्या, कपडा उघड्यावर वाळलेला पाहिजे, वर इस्त्री फिरवलेली. झाकून ठेवलेलं, दमट असलेलं अंगाला लागता कामा नये, नाहीतर औषध पाण्यात. आठवडाभर पळणं बंद. आठवडाभर! ग्राउंड तोंडावर आलेलं.

घरी येताना कुणाकुणाचा राग आला ते लिहायला बसलो तर वही पुरणार नाही. बायकोचा आला. आईचा आला. आईला हे तिच्या सासूनं शिकवलं असणार, तिला तिच्या सासूनं. माणसाच्या अंगाला लागणारा कपडा चोरीच्या मालासारखा दडवायचा, हे ठरवलं कुणी? माझी बनियन रस्त्यावरून दिसते, तिला कुणी झाकत नाही.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं, उद्यापासून पहिली दांडी, बरोबर पंख्याखाली, उघडं.

आई कॉटवरून म्हणाली, "आरं आका, मी दिवसभर हितं बसतो. मला भेटाया माणसं येत्यात. त्येंनी मान वर करून बघायचं व्हय?"

"बघू देत."

"तू जातोस फौंड्रीला. बोलणी मी खायची."

वर्षाराणी आईच्या कॉटजवळ जाऊन उभी राहिली.

२१ जुलै, सोमवार

पहिली दांडी रिकामी! घरातल्या बायकांनी काय केलं, तर ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवली. एक जळाला, बाकीचे शिवणीत ओलेच. भांडलो. ताट सरकवून उठलो. प्रिया म्हणाली, "पप्पा, ओरडून वाळत नाहीत." त्यावर अजून ओरडलो.

२७ जुलै, रविवार

आईनं मला न विचारता गगनबावड्याच्या पावण्यांना चहाला बोलावलं होतं. मुलगा नव्हता, त्याचा मामा आणि आणखी एक जण. बोलणी नाहीत, नुसतं घर बघायला, म्हणे. राजवर्धनही आला होता. पोरगी आठवडाभर घरात बसलेली बघून आईनं धरूनच चाललंय की भरती संपली.

पावणे बसले. मी पाणी दिलं, वर बघितलं, आणि थांबलो. पहिली दांडी भरलेली. पंख्याखाली, चार चार बोटांवर, चिमटे लावून, उघडे. आम्ही पावण्यांना घ्यायला बाहेर गेलो, तेवढ्यात प्रियानं घातलेले. मी सांगितलं होतं तसेच, एक बोटही इकडं तिकडं नाही.

माझा हात दोरीवर गेला, हे लिहून ठेवतो. दांडी खाली घ्यायची, सगळं गोळा करून आत फेकायचं. कितीसा वेळ लागणार? प्रिया आतल्या दारात उभी होती. माझ्या हाताकडं बघत होती. मी दोरीची गाठ पुन्हा आवळली आणि खुर्चीवर येऊन बसलो.

मामानं कपाकडून नजर वर नेली, परत कपाकडं आणली. "पावणं, लेकीबाळींची कापडं सोप्यात?"

"व्हय. वाळत घातल्यात. तुमच्यात कुठं घालत्यात?"

"आमच्यात दिसत न्हाईत."

"आमच्यात बी दिसत न्हवती," मी म्हणालो. "म्हणून पोरगीला दवाखान्यात न्यायला लागली."

चहा अर्धा ठेवून उठले. आईनं त्यांच्या मागं अंगणापर्यंत जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक. परत आली ती भिंतीकडं तोंड करून झोपली. माझ्याशी बोलणं बंद.

राजवर्धन गाडीला किक मारताना म्हणाला, "दाजी, पोरगीला पळवायचं सोडून पावण्यांस्नी पळवलासा की." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसलो. मग आत येऊन वर्षाराणीवर चिडलो, पावणे येणार हे तिला माहीत असणार म्हणून.

"म्हायती हुतं," ती म्हणाली. "प्रियाला मीच सांगितलं, आज घाल."

२ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टरबाईंनी बुधवारी पळायला परवानगी दिली. जखमा भरल्यात, पंधरा दिवसांत डागही जाईल म्हणाल्या. सर म्हणतात, आता पाऊल मोकळं पडतंय, पण दम गेलाय. दहा-अकरा दिवस बसवल्यावर दम जाणारच. मी काय सांगणार त्यांना?

प्रियाचे कपडे रोज पहिल्या दांडीवर. वर्षाराणीचे नाहीत. ती आपले न्हाणीत दारामागच्या खुंटीला अडकवते, तिथं वारा ना ऊन. सांगून दमलो.

"मला कुठं पळाय जायचंय," म्हणते.

घाल बाई कुठं घालायचे ते. एकाच घरात किती जणांशी भांडू?

११ ऑगस्ट, सोमवार

ग्राउंड झालं. पालकांना गेटच्या आत सोडत नाहीत. बाहेर चिखलात उभं करून ठेवलं. एका हवालदाराशी वाजलं. दुपारी प्रिया आली ती चिखलानं माखलेली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "निघाला टाईम, पप्पा. मागच्यापेक्षा चांगला निघाला." लेखी राहिलीय, पण पोरगी ग्राउंडमधनं निघाली.

घरी आईनं तिच्या हातावर साखर ठेवली. माझ्या हातावर नाही. चालतंय.

१८ ऑगस्ट, सोमवार

प्रियाला आता डागही नाही, ट्यूब डॉक्टरबाईंनीच बंद केली. आणि आज मेडिकलवाला मला म्हणतो, "तुमची पोरगी सकाळीच दुसरी ट्यूब घेऊन गेली की." घरी येऊन तिला झापलं. औषध म्हणजे काय पावडर आहे का, बरं झाल्यावरही चोळत बसायला? लेखीचा अभ्यास सोडून हे धंदे?

ती न्हाणीच्या बंद दाराकडं बघत हळू म्हणाली, "माझ्यासाठी नव्हती, पप्पा. आईला हे मी व्हायच्या आधीपासनं आहे."