छेद शून्य

सोमवार, ६ जुलै १९५३
प्रिन्सिपॉल अप्पासाहेबांनी बोलावून सांगितलं, यंदापासून इंटरलाही गणित हिंदीतून. महिनाअखेर इन्स्पेक्टर येऊन माझा पाठ बघतील, मग मला कायम करायचं की नाही ते ठरेल. होळकर स्टेट होतं तेव्हापासून ऑफिशिएटिंग, म्हणजे हंगामी, आहे. स्टेट गेलं, मी ऑफिशिएटिंगच. काळजी नाही. जन्म इंदूरचा, टांगेवाल्याशी हिंदीच बोलतो.
निश्चय: रोज दहा हिंदी शब्द पाठ.

मंगळवार, ७ जुलै
वही आणली. शब्द उद्यापासून.

शुक्रवार, १० जुलै
यशोधरा राष्ट्रभाषेच्या परीक्षेला बसते आहे. जेवताना म्हणाली, अहो, हिंदीत गणिताचे शब्द निराळे असतात, वाचून दाखवू का? म्हटलं, एकोणीस वर्षं शिकवतो आहे, आता बायकोकडून अंश-छेद शिकू? ती म्हणाली, तेच तर म्हणते, आणि ताट उचलून आत गेली. ही नेहमी अर्धवट बोलते.

मंगळवार, १४ जुलै
हिंदीतून पहिला तास. एक छेद एक्स वजा दोन, ह्याचा आलेख. सांगितलं, छेद शून्य हुआ कि वक्र सीधा ऊपर भागता है. उभ्या रेषेच्या जवळ जवळ जातो, टेकत मात्र नाही. ती रेषा अनंतस्पर्शी. वर्ग स्तब्ध. विषय पोचला.
मागच्या बाकावरच्यानं विचारलं, सर, छेद शून्य याने छेद हैच नहीं, फिर वक्र भागता क्यों है? त्याला खाली बसवलं. खालच्या वर्गात ह्यांना अपूर्णांक कोणी शिकवले कोण जाणे.

सोमवार, २० जुलै
स्पर्शिका. स्पर्शिका वक्राला बिंदूत गाठते. अनंतस्पर्शी अनंतावर गाठते, म्हणजे आपल्या हयातीत नाही. हे सांगताना मला अजून आनंद होतो. दिवसभरात दुसऱ्या कशाचा होत नाही.
शब्द राहिले. चष्म्याची काडी मोडली आहे.

बुधवार, २९ जुलै
उद्या इन्स्पेक्टर. आलेख घरून काढून आणायला सांगितला. फळ्यावर स्वच्छ लिहून दिलं: पहले छेद को शून्य के बराबर करो, फिर वहाँ खड़ी रेखा खींचो. एकही शंका नाही. कायम झाल्यावर पेढे कुठून आणायचे ते ठरवलं.

गुरुवार, ३० जुलै
बत्तीस आलेख. बत्तिसांवर कंपासच्या टोकानं पाडलेलं भोक, लिहिलेल्या शून्याएवढं. मागच्या बाकावरच्यानं उठून सांगितलं, साहब, सर ने ही कहा था, शून्य के बराबर छेद करो.
इन्स्पेक्टरांनी एक कागद खिडकीकडे धरला. भोकातून आधी बाहेर बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, मास्साब, हिंदी में छेद माने सुराख. आप जिसकी बात कर रहे हैं उसे हर कहते हैं. मी विचारलं, हर क्या? वर्ग हसला.
राग आला नाही. लाजही वाटली नाही. काहीच वाटलं नाही. खडू हातात तसाच घेऊन घरी आलो.
एक नोंद करून ठेवतो. बत्तीसही भोकं एक्स बरोबर दोनवरच होती. जागा कोणाचीही चुकली नव्हती.

शनिवार, ८ ऑगस्ट
हुकूम आला. कायम झालो. इंटरचे तास काढून घेतले आहेत. पुढे लिहिलंय, कक्षा छह, विषय: भिन्न. म्हणजे काही वेगळाच विषय सुरू करताहेत, आणि त्याला अनुभवी माणूस हवा असणार. अप्पासाहेबांना विचारलं नाही, उगाच हावरेपणा दिसतो. पेढे आणले.
यशोधरेला हुकूम दाखवला. तिनं दोनदा वाचला. पेढा हातातच होता तिच्या. हळूच म्हणाली, अहो, हिंदीत भिन्न म्हणजे अपूर्णांक.
सोमवारपासून सहावी. कायम. इंटरला अनंतस्पर्शी आता दुसरं कोणी शिकवील.
वही शोधून काढली. पहिला शब्द लिहिला: हर. बाकीचे नऊ उद्या.