भिंतीवरचं बटण

गुरुवार, एकादशी. संध्याकाळ.

सून अंघोळीला गेली अन् मी तिच्या कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं. उगाच वीज कायले जाळायची? पाण्याचा आवाज थांबला तसं परत चालू केलं. दोन दिवसांपासून त्या कॉम्प्युटरवर तिच्या सर्किटची तपासणी सुरू होती. ऊन असो की थंडी, व्होल्टेज तेवढंच राहिलं पाहिजे म्हणे. चिप बनवणारा कारखाना बदलला, म्हणून सारी मापं नव्यानं जुळवायची. बटण बंद केल्यानं ते सगळं पुसलं गेलं.

"आई, लाईन गेलती का जी?"

"गेली असंन." उपासाच्या तोंडानं बोलली मी हे!

मग ती फोनवर साहेबाले म्हणाली, "चूक माझीच, सर." माझ्यापायी बोलणी खाल्ली पोरीनं.

दिवा लावला, हात जोडले. पण देवाले सांगून काय? ते बटण मी दाबलं. वही ठेवते अन् तिच्या खोलीत जाते.