याकूबचाचांच्या माळ्यावरची लढाई

९ एप्रिल, बुधवार
भोरमधला माझा फोटो स्टुडिओ आजवर चालला नाही, तो याच दिवसासाठी. शेजारच्या याकूबचाचांच्या माळ्यावर पत्र्याचा डबा निघाला. आत मूकपटाचं रीळ! लढाईचा पिक्चर. चाचांचे वडील जत्रांमधून तंबूत दाखवायचे. चाचा म्हणाले, अब्बांची येवढीच निशाणी हाय, नीट ठेवा. म्हणालो, तज्ज्ञाच्या हातात आहे.

१० एप्रिल, सकाळी ७
पुण्याच्या सोनिया मॅडमना फोन. जुन्या फिल्म जमवतात. डब्यावरचं पिक्चरचं नाव वाचून दाखवलं. वीस वर्षं शोधतायत, कुणाकडेच नाही. उघडू नका, थंड जागी ठेवा, रविवारी येते म्हणाल्या.
निश्चय : डबा उघडायचा नाही.

सकाळी ७.४०
उघडला. न बघता अभ्यास कसा करणार? भिंगातून घोडा दिसला. भाला. धूर. (किंवा बुरशी.)

११ एप्रिल
रीळ दमट वाटतंय. मॅडमना विचारलं नाही. तज्ज्ञानं सारखं विचारू नये. गच्चीवर ऊन दिलं. बायको, मंगल, म्हणाली, माझ्या कुरडया सारून हे काय वाळवताय? इतिहास, म्हणालो.
संध्याकाळी जरा चिकट. ओल सुटतेय.

१२ एप्रिल
रिळाची वडी झाली. मजबुती आली असावी. चाचा विचारायला आले, बरं हाय ना? झकास, म्हणालो. डबा दाखवला नाही.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१३ एप्रिल, रविवार
मॅडमनी डबा उघडला. वडी नखानं टोकरून पाहिली. मग, ह्याला ऊन कुणी दिलं? मी यंदाच्या उन्हाळ्याबद्दल बोलू लागलो. मंगल म्हणाली, ह्यांनीच.
चाचा समोर होते. वडीवरून हात फिरवला. म्हणाले, ऱ्हाऊ द्या. मला समदा पाठ हाय. पिक्चरला आवाज न्हवता, तर अब्बा पडद्यामागं तोंडानं तोफा उडवायचे, घोडी पळवायचे. म्या पत्रा बडवायचो.
आणि त्र्याऐंशी वर्षांच्या चाचांनी उठून लढाई सुरू केली. मॅडमनी घाईघाईनं रेकॉर्डर लावला. दोन तास. सेनापती पडला तेव्हा मंगल पदरानं डोळे पुसत होती. मॅडमसुद्धा.
रेकॉर्डिंग संग्रहात जाणार. नावं दोन : चाचा आणि त्यांचे अब्बा. माझ्या नावाचं काय, विचारलं.
मॅडम म्हणाल्या, मध्ये दोनदा खोकलात, तेवढं कापून टाकू.